उन्हातून रॉकेल: जळणं उलटं कसं फिरवतात

डिझेल जाळा, पेट्रोल जाळा, नाहीतर विमानाचं इंधन जाळा, मागे उरतात त्या मुख्यतः दोनच वस्तू: कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ. एक लिटर डिझेल जळलं की साधारण 10 युनिट (विजेच्या बिलावरचंच युनिट, म्हणजे किलोवॅट-तास) उष्णता सुटते आणि 2.7 किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. आता हीच क्रिया उलटी फिरवायची म्हटली तर? कार्बन डायऑक्साइड आणि पाणी घ्यायचं, सुटलेली उष्णता त्यात परत घालायची आणि इंधन परत मिळवायचं. निसर्गाचा कुठलाही नियम याला आडवा येत नाही. फक्त दोन अटी आहेत. उष्णता प्रचंड तापमानाची हवी. आणि जेवढी सुटली होती त्याच्या कितीतरी पट घालावी लागते, कारण वाटेत गळती होते.

ही उष्णता उन्हाची असेल तर मिळणारं इंधन सौर इंधन. गेल्या दहा-पंधरा वर्षांत हा प्रकार प्रयोगशाळेच्या टेबलावरून उघड्यावर आला आहे आणि अधूनमधून आपल्या व्हॉट्सअ‍ॅपवरही येतो: ‘शास्त्रज्ञांनी हवेतून पेट्रोल बनवलं!’ बातमी खोटी नसते, अर्धी असते. उरलेली अर्धी समजायला थोडं रसायन, थोडी भूमिती आणि बरीचशी वजाबाकी लागते.

एका बॅरलच्या बदल्यात पाच टन

सगळंच विजेवर चालणार असताना हा खटाटोप कशाला, हा प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं, की जिथे वीज पोचते तिथे हा खटाटोप करूच नये. म्हापशाहून पणजीला रोज ये-जा करणाऱ्या स्कूटरला बॅटरी उत्तम. पणजी-बेती फेरीबोट मिनिटांत मांडवी ओलांडून धक्क्याला लागते. तिला उद्या विजेवर आणायची तर अडचण पैशांची आहे, पदार्थविज्ञानाची नाही.

पदार्थविज्ञान अडतं ते मालीमच्या जेटीवर. तिथून निघालेला ट्रॉलर काही दिवस समुद्रात राहतो आणि तिथे चार्जर नाही. 200 लिटरचं डिझेलचं एक बॅरल घ्या. आतल्या डिझेलचं वजन 165 किलोच्या आसपास, आणि त्यात 2,000 युनिट ऊर्जा. इंजिन त्यातली साधारण 35 टक्केच पंख्यापर्यंत पोचवतं, म्हणजे 700 युनिट. विजेची मोटर फार कमी वाया घालवते, त्यामुळे तिला तेवढ्याच कामासाठी 780 युनिटच्या आसपास पुरतात. हा बॅटरीचा मोठाच फायदा आहे. तरीही, बॅटरीच्या पेटीत किलोमागे 0.15 युनिट मावतात असं धरलं, तर 780 युनिटसाठी पाच टनांहून जास्त वजन होडीत भरावं लागतं. हे एका बॅरलचं झालं. ट्रॉलर एका बॅरलवर निघत नाही.

विमानाचं गणित याहून वाईट आहे. गोव्याहून दिल्लीला जाणारं एअरबस ए320 साधारण सहा टन इंधन जाळतं. हे इंधन म्हणजे मूळचं आपलं रॉकेलच, फक्त जास्त काटेकोरपणे शुद्ध केलेलं. किलोमागे 12 युनिट धरले तर 72,000 युनिट होतात. विजेच्या मोटरला सगळी सवलत दिली आणि किलोमागे 0.25 युनिट मावणारी उत्तम बॅटरी धरली, तरी ती सव्वाशे टनांच्या घरात जाते. त्या विमानाचं प्रवासी, सामान, इंधन सगळं धरून उड्डाणाचं कमाल वजनच 78-79 टन आहे. शिवाय इंधन जळत जातं तसं विमान हलकं होतं. बॅटरी दिल्लीला उतरतानाही तेवढीच जड राहते.

म्हणून दाबोळी आणि मोपावरून उडणारी विमानं, मुरगावला लागणारी जहाजं आणि खोल समुद्रात जाणारे ट्रॉलर यांच्यासाठी पुढची कित्येक वर्षं द्रव इंधनच लागणार. प्रश्न एवढाच, की त्या इंधनातला कार्बन जमिनीखालून काढायचा की हवेतून.

ऊन गोळा करणं

उन्हाचा उपयोग गोव्याला नवा नाही. नेरूल, रायबंदर, आगरवाड्याची मिठागरं उन्हावर चालली. पावसाळ्याच्या आधी पुरुमेंताची, म्हणजे पावसाळी बेगमीची, सोलं, मिरच्या, सुकी मासळी उन्हातच वाळते. पण ही मंद उष्णतेची कामं आहेत. भर दुपारचं स्वच्छ ऊन चौरस मीटरला साधारण एक किलोवॅट देतं. एक काळी पत्र्याची प्लेट खालून नीट बंद करून त्या उन्हात ठेवली, तर ती तापते, आणि जितकी तापते तितकी स्वतःच उष्णता बाहेर फेकू लागते. आत येणारी आणि बाहेर जाणारी उष्णता सारखी झाली की तापमान थांबतं, साधारण 90 अंशांवर. वारा लागत असेल तर आणखी खालीच. दिवसभर ठेवा, महिनाभर ठेवा, त्यापुढे ती जायची नाही.

पुढे जायचं तर जास्त जागेवरचं ऊन कमी जागेवर आणावं लागतं. भिंगाने कागद जाळताना आपण हेच करतो. शिर्डीला साईबाबा संस्थानच्या प्रसादालयावर 2009 पासून 73 गोल आरशांच्या तबकड्या हेच करतात. त्या उन्हाची वाफ करतात आणि त्या वाफेवर भात-डाळ शिजते. वाफेला शे-दीडशे अंश पुरतात. इंधनाच्या रसायनाला साधारण 1,500 अंश लागतात.

एवढ्या तापमानाची अडचण अशी, की तापलेली वस्तू जी उष्णता बाहेर फेकते ती तापमानाच्या चौथ्या घाताने वाढते. 1,000 अंशांवर चौरस मीटरला साधारण 150 किलोवॅट बाहेर जातात, 1,500 अंशांवर 560. म्हणजे एका जागेवर 560 सूर्यांचं, म्हणजे साध्या उन्हाच्या 560 पट, ऊन एकवटलं तरी भट्टी जेमतेम 1,500 अंशांवर टिकून राहील. रसायनासाठी तिच्याकडे एक पैसाही उरणार नाही. म्हणून 2,500 सूर्यांच्या आसपास ऊन एकवटतात. मग त्यातला पाऊण हिस्सा तरी कामाला लागू शकतो.

यासाठी मैदानावर शेकडो सपाट आरसे उभे करतात. प्रत्येक आरसा सूर्याबरोबर वळतो आणि आपलं ऊन मनोऱ्यावरच्या एका छोट्या तोंडात फेकतो. असल्या वळत्या आरशाला हेलिओस्टॅट म्हणतात. फ्रान्समध्ये पिरेनीज डोंगरात ओदेयो इथे 1970च्या सुमारापासून हेलिओस्टॅटवर चालणारी सौरभट्टी आहे: 63 हेलिओस्टॅट, त्यांचं ऊन एकवटणारा एक मोठा अंतर्वक्र आरसा, एक मेगावॅट, आणि तापमान 3,000 अंशांच्याही वर. म्हणजे 1,500 अंश मिळवणं हे काही आजचं नवल नाही. नवल पुढे आहे.

पाणी फोडणं

नुसती उष्णता देऊन पाणी फोडता येतं, पण त्यासाठी 2,000 अंशांच्या वर जावं लागतं. आणि तिथे पोचल्यावर नवाच घोळ होतो. हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकाच भांड्यात, एकमेकांत मिसळलेले, तापलेले. थोडं थंड होऊ द्या की दोघे परत एकत्र येऊन पाणी होतात, आणि तेही स्फोट करून. कार्बन डायऑक्साइडचंही तसंच. म्हणून हे काम दोन हप्त्यांत करतात आणि मध्ये एक तिसरा पदार्थ ठेवतात, जो ऑक्सिजन सोडतो आणि परत घेतो.

आज सर्वांत जास्त अभ्यासलेला तो पदार्थ म्हणजे सेरिया, सिरियम धातूचं ऑक्साइड. फिकट पिवळसर, दिसायला अगदी साधं. सिरियम ‘दुर्मिळ मृदा’ गटात मोडतं खरं, पण जमिनीच्या कवचात ते जवळजवळ तांब्याइतकं आहे. केरळ-ओडिशाच्या किनाऱ्यावरच्या मोनाझाइट वाळूतही ते सापडतं. तुमच्या गाडीच्या सायलेन्सरआधी जो कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो त्यातही सेरिया असतं, आणि तिथेही त्याचं काम तेच: ऑक्सिजन जास्त झाला की ठेवून घेणं, कमी पडला की देणं.

भट्टीत ते असं चालतं. सेरियाची सच्छिद्र वीट 1,500 अंशांपर्यंत तापवतात आणि पंपाने भांड्यातली हवा ओढून घेतात. या तापमानाला सेरिया आपल्यातला थोडा ऑक्सिजन सोडून देतं. तो बाहेर काढतात. मग वीट 900 अंशांच्या आसपास उतरवतात आणि तिच्यावरून पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. गमावलेला ऑक्सिजन परत मिळवायला सेरिया आता उतावीळ असतं. ते पाण्यातून ऑक्सिजन ओढतं, हायड्रोजन उरतो. कार्बन डायऑक्साइडमधून एक ऑक्सिजन ओढतं, कार्बन मोनॉक्साइड उरतो. फरशी पुसायचं फडकं पिळलं की पुन्हा पाणी टिपतं, तसं हे उष्णतेने पिळलेलं सेरिया ऑक्सिजन टिपतं. वीट पुन्हा पहिल्यासारखी झाली, की पुन्हा तापवायची. सेरिया खर्च होत नाही. ऑक्सिजन एका वेळी बाहेर येतो आणि इंधनवायू दुसऱ्या वेळी, त्यामुळे दोघांची गाठ पडत नाही. माझ्या मते सगळ्या प्रकरणातली खरी हुशारी या एका मुद्द्यात आहे.

हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड यांच्या मिश्रणाला सिंगॅस म्हणतात. झुरिकच्या ईटीएच या संस्थेत आल्डो स्टाइनफेल्ड यांच्या गटाने या पद्धतीवर वर्षानुवर्षं काम केलं. सेरिया वापरून पाणी आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही फोडता येतात, हे दाखवणारा त्यांचा आणि अमेरिकन सहकाऱ्यांचा निबंध 2010चा. पुढे त्यांनी झुरिकमध्ये संस्थेच्या गच्चीवर एक छोटं यंत्र उभारलं. ते हवेतूनच कार्बन डायऑक्साइड आणि पाणी खेचून घ्यायचं, वरच्या तबकडीने ऊन एकवटायचं आणि शेवटी थेंबथेंब मेथॅनॉल (इंधन म्हणून जळणारं एक साधं अल्कोहोल) द्यायचं. सात तासांच्या एका दिवसात किती? 32 मिलिलिटर. हा आकडा ऐकून कोणी हसेल, पण तो खऱ्या उन्हात, खऱ्या हवेतून, सगळ्या पायऱ्या एका साखळीत जोडून आलेला आकडा आहे आणि 2021 साली ‘नेचर’मध्ये छापून आला.

त्यापुढची पायरी माद्रिदजवळ मोस्तोलेस इथे. 169 हेलिओस्टॅट, मनोरा, 50 किलोवॅटची भट्टी. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या निकालांत नऊ दिवसांच्या चालवण्यातून पाच हजार लिटरच्या वर वायू मिळाला. पाच हजार लिटर ऐकायला भरपूर वाटतं, पण ते वायूचे लिटर. तो सगळा वायू कामाचा आहे आणि त्यातलं काहीही वाया जाणार नाही असं धरलं, तरी द्रव इंधन लिटर-दीड लिटरच्या वर निघत नाही. बातम्यांतले ‘लिटर’ वाचताना हे ध्यानात असू द्यावं.

वायूचं तेल

सिंगॅसपासून पुढे तेल करणं हा भाग शंभर वर्षं जुना आहे. जर्मनीत फ्रान्झ फिशर आणि हान्स ट्रॉप्श यांनी 1920च्या दशकात तो शोधला. लोखंड किंवा कोबाल्टच्या उत्प्रेरकावरून 200 ते 350 अंशांना, दाबाखाली सिंगॅस सोडला, की कार्बनचे अणू एकामागोमाग जोडले जाऊन साखळ्या बनतात. आखूड साखळी म्हणजे वायू, जरा लांब पेट्रोल, त्याहून लांब रॉकेल आणि डिझेल, फारच लांब झाली तर मेण. मेण पुन्हा तोडून हव्या त्या मापाचं करता येतं. दुसऱ्या महायुद्धात तेल नसलेल्या जर्मनीने कोळशाचा वायू करून त्याचं इंधन याच रीतीने बनवलं. दक्षिण आफ्रिकेत सासोल कंपनी 1955 पासून हेच करत आली आहे, आणि जोहान्सबर्ग विमानतळावर 1999 पासून विमानं असं मिश्र इंधन भरून उडाली आहेत. थोडक्यात, मागचं अर्धं यंत्र बाजारात तयार आहे. फक्त त्याला खायला कोळशाऐवजी उन्हाचा वायू द्यायचा आहे.

एक खटका मात्र आहे. असल्या कारखान्याला रात्रंदिवस सारखं चालायला आवडतं, आणि ऊन संध्याकाळी जातं. म्हणून दिवसा बनलेला वायू टाक्यांत साठवतात, किंवा उष्णताच सिरॅमिकच्या साठ्यात धरून ठेवतात आणि रात्री वापरतात.

कुठे गळतं

आता वजाबाकी. पहिली गळती आरशांवर: धूळ, कोन, एकमेकांच्या सावल्या. मैदानावर पडलेल्या उन्हातलं साठ टक्के भट्टीच्या तोंडाशी पोचलं तर ठीक म्हणायचं. दुसरी गळती भट्टीत, आणि ही सर्वांत मोठी. मोस्तोलेसच्या भट्टीत जेवढी सौरऊर्जा आत गेली तिच्यातली 4.1 टक्केच वायूत उतरली. बाकीची गेली कुठे? सेरिया आपल्यातल्या शंभर ऑक्सिजन अणूंपैकी जेमतेम दोन-तीन सोडतं. तेवढ्यासाठी आख्खी वीट 900 वरून 1,500 अंशांना न्यायची, पुन्हा 900ला आणायची, पुन्हा चढवायची. प्रत्येक उतरणीत विटेतली उष्णता फुकट जाते. ही उतरणीची उष्णता पकडून पुढच्या चढणीला वापरली तर आकडा बराच वर जाईल, हे सगळ्यांना ठाऊक आहे; 1,500 अंशांवर ती पकडायची कशी, यावरच सध्या सगळी मारामारी आहे. दुसरा प्रयत्न विटेच्या रचनेवर चालू आहे. त्रिमितीय छपाईने सेरियात वरून रुंद आणि खाली अरुंद होत जाणाऱ्या वाटा ठेवल्या, की ऊन खोलवर जातं आणि वीट आतबाहेर सारखी तापते.

तिसरी गळती वायूचं तेल करताना. तिथे साठ टक्के ऊर्जा तेलात टिकते असं मी धरतो.

तिन्ही गुणा: 0.6 गुणिले 0.041 गुणिले 0.6. आला दीड टक्का. त्या गोवा-दिल्ली विमानाला 72,000 युनिट हवे होते. दीड टक्क्याने त्यासाठी 48 लाख युनिटचं ऊन लागेल. चांगल्या वाळवंटात चौरस मीटरला दिवसाला साडेपाच युनिट थेट ऊन धरलं, तर साधारण 87 हेक्टर आरसे. फुटबॉलच्या मोजमापात सांगायचं तर फातोर्ड्याच्या मैदानासारखी एकशे वीस मैदानं निव्वळ काचेने भरायची, रोज एक विमान एकदा दिल्लीला पाठवायला. आणि आरशांच्या मध्ये मोकळी जागा सोडावी लागते, त्यामुळे जमीन याच्या कित्येक पट. एकूण कार्यक्षमता दीडवरून दहा टक्क्यांवर नेली तर हेच अठरा मैदानांवर येतं. तेव्हा बोलण्यासारखं काही होईल.

याच्या शेजारी दुसरा मार्ग ठेवून पाहायला हवा, कारण तो स्वस्त होत चालला आहे. साधे सौर पॅनेल वीस टक्के उन्हाची वीज करतात. त्या विजेने पाणी फोडलं तर सत्तर टक्क्यांच्या आसपास ऊर्जा हायड्रोजनमध्ये जाते. त्यात कार्बन डायऑक्साइड मिसळून तेल केलं आणि पुन्हा साठ टक्के धरले, तर सगळं मिळून आठ टक्के. आज पॅनेलवाला मार्ग पुढे आहे, हे सरळ मान्य करावं. आरसेवाल्यांचा दावा असा, की उन्हाची आधी वीज आणि मग पुन्हा रसायन करण्यापेक्षा उन्हाची उष्णता थेट रसायनात घातली तर वरची मर्यादा जास्त उंच आहे. सिद्धांतात ते बरोबर आहे. यंत्रात अजून दिसलेलं नाही.

गोव्यात का नाही

गोव्यात उन्हाची चंगळ आहे, तर आरसे इथेच का लावू नयेत? कारण आरशाला नुसता उजेड चालत नाही, थेट किरण लागतात. ढगातून, धुक्यातून, किनाऱ्यावरच्या दमट हवेतून येणारा प्रकाश चहूबाजूंनी विखुरलेला असतो. पॅनेल तो खातं, आरसा त्याला एका बिंदूत आणू शकत नाही. जून ते सप्टेंबर तर दिवसचे दिवस सूर्यदर्शन नाही. वर खारा वारा. कळंगुटला घराच्या खिडकीचे गज किती वर्षं टिकतात ते ज्याला माहीत आहे, त्याला हजारो वळत्या आरशांच्या बेअरिंगबद्दल वेगळं सांगायला नको. गोव्यात छपरावर पॅनेल लावावेत, आरसे नकोत.

देशात याची जागा राजस्थान, आणि तिथलाही अनुभव शहाणं करणारा आहे. राष्ट्रीय सौर अभियानात 2010 साली उन्हाच्या उष्णतेवर वीज करणाऱ्या सात प्रकल्पांना मिळून 470 मेगावॅट मंजूर झाले. उभे राहिले ते मोजकेच. त्यात नोखचा 50 मेगावॅटचा आणि धुरसरचा 125 मेगावॅटचा. एक मोठं कारण असं निघालं, की उपग्रहांवरून काढलेल्या अंदाजापेक्षा जमिनीवर थेट ऊन कमी भरलं. हवेतली धूळ हिशेबात नीट आली नव्हती. आणि धूळ बसलेले आरसे धुवायला पाणी हवं, जे तिथे नाही.

तरी गोव्याच्या दृष्टीने द्रव इंधनाची खुबी हीच, की ते जिथे बनतं तिथेच जाळावं लागत नाही. थरच्या वाळवंटात किंवा मोरोक्कोत बनलेलं रॉकेल आजच्यासारखंच टँकरमधून येईल.

मधला एक सोपा रस्ताही आहे. पाणी फोडण्याऐवजी मिथेनवर वाफ सोडली, तर हजार अंशांच्या आसपासच सिंगॅस मिळतो. गॅसवर चालणाऱ्या खत कारखान्यांत, आपल्या झुआरीनगरसारख्या, अमोनियासाठी लागणारा हायड्रोजन याच क्रियेतून येतो. उष्णतेसाठी तिथे त्याच गॅसचा काही भाग जाळतात. ती जाळपोळ वाचवून तिथे ऊन घातलं, तर मिथेनमध्ये मूळ जी ऊर्जा असते तिच्यापेक्षा सुमारे पाव हिस्सा जास्त ऊर्जा वायूत येते. तो पाव हिस्सा उन्हाचा. ईटीएचमधूनच 2016 साली निघालेल्या सिनहेलिऑन कंपनीने जर्मनीत यूलिश इथे 2024 साली ‘डॉन’ नावाचा प्रकल्प सुरू केला, तो सेंद्रिय कचऱ्यापासूनचा मिथेन असाच वापरतो. त्याला ‘हवेतून इंधन’ म्हणता येत नाही, पण तो चालतो. आपल्या साळगावच्या प्रकल्पातही ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस निघतो. मात्र तो जिथे निघतो तिथेच त्याची वीज करणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. त्याच्यासाठी वाळवंट शोधत फिरायला नको.

टाकीत किती मावेल

असलं इंधन विमानात घालायला कायद्याची आडकाठी फारशी नाही. फिशर-ट्रॉप्श पद्धतीचं रॉकेल नेहमीच्या इंधनात निम्म्यापर्यंत मिसळायला 2009 पासून आंतरराष्ट्रीय मानकात परवानगी आहे. निम्म्याचीच का, तर खनिज रॉकेलमध्ये सुगंधी हायड्रोकार्बन असतात आणि त्यांनी टाक्यांतले-नळ्यांतले रबरी सील फुगून घट्ट राहतात. उन्हाचं रॉकेल फारच स्वच्छ. त्यात ते नसतात, आणि जुने सील गळू शकतात.

भारताने आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी पर्यायी विमान इंधनाचं लक्ष्य 2027मध्ये 1 टक्का, 2028मध्ये 2 टक्के आणि 2030मध्ये 5 टक्के असं ठरवलं आहे. ते सध्या तरी शेतीतल्या आणि कचऱ्यातल्या कच्च्या मालावर भागवायचा बेत दिसतो. मे 2023मध्ये पुण्याहून दिल्लीला गेलेल्या विमानात पुण्याच्या प्राज कंपनीचं असं मिश्र इंधन होतं. युरोपीय संघाचा नियम जास्त कडक आहे: 2025ला 2 टक्के, 2030ला 6, 2050ला 70, आणि त्यात हवा-पाण्यापासून बनवलेल्या इंधनाचा वाटा वेगळा राखून ठेवलेला. हिवाळ्यात युरोपातून गोव्यात येणाऱ्या विमानांना तिकडच्या टाकीतून हे इंधन आधी मिळेल, आपल्या टाकीतून नंतर.

यापुढे अशी बातमी आली की मी तीन गोष्टी शोधतो. ऊन खरं होतं की प्रयोगशाळेतल्या दिव्यांचं? कार्बन डायऑक्साइड हवेतून आला की सिलिंडरमधून? सिलिंडरमधला स्वस्त पडतो, कारण हवेत दहा लाख रेणूंमागे तो जेमतेम सव्वाचारशे आहे आणि वेचून काढायलाच बरीच ऊर्जा जाते. आणि कार्यक्षमतेचा टक्का कुठून कुठपर्यंत मोजला? मोस्तोलेसचे 4.1 टक्के भट्टीच्या तोंडापासून वायूपर्यंतचे आहेत. आरशांवरची गळती त्यात नाही, वायूचं तेल करतानाचीही नाही; म्हणून तर वरच्या हिशेबात त्या दोन्ही मला वेगळ्या धराव्या लागल्या.